सिद्राम अण्णा आणि टर्बोची शिटी

तारीख १७ डिसेंबर २०२३, रविवार. स्थळ पुण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. रक्कम सहा लाख नव्वद हजार. हजर तिघं: मी, माझी बायको सुनीता आणि गाडीचा आधीचा मालक, एक हसतमुख तरुण. गाडी परदेशी कंपनीची, नऊ वर्षं जुनी, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मीटरवर ७१,४०६ किलोमीटर. सिद्राम अण्णा तिथं नव्हते. ते असते तर बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी त्या तरुणाला विचारलं असतं, "पळवून आणल्यावर बंद करायच्या आधी किती येळ थांबता?" आणि त्याचं उत्तर ऐकून आम्हाला हाताला धरून माघारी आणलं असतं.

पण तेव्हा मी अण्णांना ओळखत नव्हतो. मी पाटबंधारे खात्यात आहे. तलावाची पातळी मोजायची, वहीत लिहायची आणि वर कळवायची, हे सत्तावीस वर्षांचं काम. अशा माणसानं आठ सेकंदांत शंभरचा वेग गाठणारी गाडी का घ्यावी, असं सुनीतानं पुणे ते नळदुर्ग या प्रवासात मला चार वेळा विचारलं. टेंभुर्णीपर्यंत मी काही कारणं सांगितली. नंतर खरं ते सांगितलं. मला ती हवी होती.

"मग तसं म्हणायचं ना पहिल्यांदाच," ती म्हणाली आणि झोपली.

घरी आल्यावर पंधरा दिवसांतच माझ्या लक्षात आलं की गाडी तेल पिते. तलावासारखंच मी दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन थंड असताना पट्टी काढून तेलाची पातळी मोजत होतो. दोन आठवड्यांत ती सहा मिलिमीटरनं उतरली. खाली गळती नव्हती. सोलापूरच्या एका वर्कशॉपनं गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि एक लाख पस्तीस हजारांचा अंदाज हातात दिला. इंजिन खोलावं लागेल, टर्बो बदलावा लागेल. कागद नीट छापलेला होता. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि परत निघालो. घरी न थांबता पुढं जळकोटला एका मित्राकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "अरे, टर्बोचं एवढं काय? हायवेवर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला टर्बो असतो. आमच्या सिद्राम अण्णांना दाखव की."

हायवेला लागून, लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची शेड. बाहेर दोन ट्रक, एक ट्रॅक्टर. शेडमध्ये साठीच्या पुढचा, उंच, सडपातळ माणूस. अंगात पांढराशुभ्र नेहरू शर्ट. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट मी पहिल्यांदाच पाहिला. हात मनगटापर्यंत काळे आणि मनगटाच्या वर एक ठिपका नाही. पुढं कळलं की हा त्यांचा नेम होता. शर्टाला डाग लागला तर काम चुकीच्या बाजूनं धरलं, असं ते मानत. हात धुवायला थोडं डिझेल आणि ज्वारीचा कोंडा. मदतीला कुणी नाही. पाने भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले.

अण्णांची सगळी पत कानावर होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि बिघाड सांगायचा. हैदराबादकडून येणारे ड्रायव्हर त्यासाठी दोनदोन तास थांबत. आणि ज्या वर्षी मी त्यांना भेटलो त्या वर्षी तो कान जात चालला होता. हे मला दोन महिन्यांनी कळलं, पण इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. कान चाललाय हे हायवेवर कुणाला कळू नये, एवढीच त्या माणसाची धडपड होती.

त्या पहिल्या दिवशी मला ती धडपड दिसली नाही. मला दिसली ती गंमत. एक दाढीवाला ट्रक ड्रायव्हर अण्णांसमोर उभा राहून तोंडानं आवाज काढत होता. "खर्रर्र... टक. खर्रर्र... टक टक."

"टक एक का दोन?" अण्णांनी विचारलं.

"चढाला दोन, अण्णा. उताराला एक."

"मोठ्यानं कर. लाजतो कशाला? सासरी आलाय व्हय?"

ड्रायव्हरनं घसा ताणून पुन्हा केलं. अण्णांनी मान हलवली, पेचकस लावला आणि गाडीखाली गेले. मग माझा नंबर आला. मी छापलेला अंदाज पुढं केला. त्यांनी तो घेतलाच नाही.

"कागद ऱ्हाऊ द्या, सायेब. आवाज करून दावा."

मी शासकीय कर्मचारी. अंगात इस्त्रीचा शर्ट. आजूबाजूला चार ट्रकवाले. मी हळूच म्हणालो, "आवाज काही नाही. तेल पिते."

"न्हाय कसा? चालती तवा कशी वाजती ते करा."

मी "सूंऽऽ" केलं. एक ट्रकवाला तोंड फिरवून हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि म्हणाले, "चला, पाटीपर्यंत जाऊन येऊ." चार किलोमीटर गेलो, आलो. शेडसमोर थांबून मी किल्लीला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"सबूर. एक मिंट."

"काय झालं?"

"पळून आलीय न्हवं? मेंढरं पळवत आणली तर लगेच पाण्यावर सोडत न्हाईत. दम खाली येऊ द्यायचा. ह्यातली ती टर्बोची चक्की लालबुंद झालेली आसती. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, आन तेल जागच्या जागी जळून कोळसा हुतं. एक मिंट नुसतं बसायचं."

अण्णा धनगरांच्या घरातले. भावाची मेंढरं अजून होती. सोळाव्या वर्षी अण्णा कळप सोडून एका सरदारजीच्या गॅरेजात शिरले, पण भाषा त्यांनी कळपाचीच ठेवली. गाडीच्या कंपनीचं नाव ते घेत नसत. त्यांच्या लेखी गाड्या तीन जातींच्या होत्या: पळणारी, वढणारी आणि चरणारी. ट्रक, ट्रॅक्टर वढणारे. माझी आधीची छोटी गाडी, तिचं वर्णन ऐकून, चरणारी. ही नवी पळणारी.

"पर उपाशी पळवलेली," ते म्हणाले. "त्या पोरानं हिला दम दिलेला न्हाय."

मी माझी वही काढली. तारीख, मीटर, तेलाची पातळी मिलिमीटरमध्ये, घातलेलं तेल मिलिलिटरमध्ये. सोलापुरात ती कुणी उघडली नव्हती. अण्णांनी हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि एकेक ओळ बोट लावून वाचली. तीनच नोंदी होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा आदरानं पाहिलं.

"ह्ये बघा, पयल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात चार. दुसऱ्या आठवड्यात कुठं गेलता?"

"लातूरला. जाऊन येऊन जरा वेगात."

"वेगात गेली की जास्त पिती. उभी आसली की पीत न्हाय. म्हंजी पोट चांगलं हाय, नाक वाहतंय."

नाक म्हणजे इंजिनाच्या झाकणावरचा एक पडदा. इंजिनाच्या आत साठलेली वाफ त्यातून बाहेर पडते. तो फाटला की वाफेबरोबर तेलही ओढलं जातं आणि जळतं. अण्णांनी तो काढून उजेडात धरला. मधोमध चीर. नवा पडदा पुण्याहून मागवला, तीन हजार दोनशे. अण्णांची मजुरी तीनशे. फाटका पडदा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. काढलेली प्रत्येक वस्तू ते मालकाला परत देत. "तुमचंच हाय. टाकायचं तर तुमी टाका." पुढच्या चार रविवारी तेलाची पातळी एक मिलिमीटरही हलली नाही. ज्याचा अंदाज एक लाख पस्तीस हजार, ते साडेतीन हजारांत.

त्यानंतर मी गावभर अण्णांचं गुणगान करत फिरलो. सुनीताला ते ऐकून कंटाळा आला. तिचं म्हणणं, गाडीत अजून काहीतरी वाजतंय. तिचे कान फार तीक्ष्ण. आमच्या गल्लीत कुकरची शिटी झाली की कुणाचा कुकर हे ती स्वयंपाकघरात बसून सांगते. मागच्या अंगणातला नळ ठिबकला तरी तिला झोप लागत नाही.

"अहो, जोर दिला की बारीक शिटी वाजते बघा."

मलाही ती ऐकू येत होती. पुढच्या रविवारी मी अण्णांकडे गेलो. त्यांनी पेचकस लावला, डोळे मिटले, मला एक्सिलेटर दाबायला लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "काय न्हाय. एकदम झकास."

मी माझ्या कानांपेक्षा अण्णांच्या कानावर जास्त विश्वास ठेवला. सत्तावीस वर्षं मोजपट्टीवर काढलेल्या माणसाकडून झालेली ही मोठी चूक. घरी येऊन सुनीताला सांगितलं, "अण्णा म्हणतात काही नाही." ती म्हणाली, "बरं." तिच्या त्या बरंचा अर्थ मला कळतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही धाराशिवला लग्नाला निघालो. तुळजापूरचा घाट लागला. पहिल्या वळणावर शिटी मोठी झाली, दुसऱ्यावर काहीतरी फट्‍ वाजलं, पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीव गेला. पाय पूर्ण दाबला तरी वेग एकवीस. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या, वर लावलेली गाणी. तो आमच्या शेजारी आला, काही वेळ शेजारीच राहिला आणि मग आम्हाला मागं टाकून पुढं गेला. ट्रॅक्टरवाल्यानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "धक्का देऊ का, सायेब?"

सुनीता लग्नाचा शालू नेसून बसली होती. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सहा लाख नव्वद हजार," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

लग्न बुडालं नाही, जेवण चुकलं. दुसऱ्या दिवशी चाळीसच्या वेगानं जळकोट गाठलं. सुनीता मुद्दाम बरोबर आली. शेडमध्ये एक ट्रकवाला चहा पीत बसला होता. अण्णांनी इंजिन चालू करायला सांगितलं, जोर द्यायला सांगितलं. आता तर शिटी रस्त्यापलीकडे ऐकू जात असावी. अण्णांनी पेचकस लावला, डोळे मिटले.

"काय न्हाय की," ते म्हणाले.

"अहो अण्णा, एवढं वाजतंय!" सुनीता म्हणाली.

अण्णांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग चहा पिणाऱ्या ट्रकवाल्याकडे. मला म्हणाले, "बंद करा, सायेब." मग ट्रकवाल्याला, "तू जा, जेवून ये. तुझं तासानं करतो." तो गेल्यावर ते टायरवर बसले. थोडा वेळ कोंड्यानं हात चोळत राहिले. हात स्वच्छ होते.

"वैनी, कसा वाजतोय?"

"शिटीसारखा. तुम्हाला ऐकू येत नाही?"

"न्हाय."



"दोन वर्सं झाली," अण्णा म्हणाले. "रातकिड्यांपासनं सुरवात झाली. मला वाटलं, औंदा किडंच न्हाईत. फवारणीनं मेलं आसतील. म्या शेजाऱ्याला म्हनलो, बरं झालं, शांत झोप लागती. त्यो माझ्याकडं बघायला लागला. जाड आवाज समदा येतो बगा. टक, खर्र, धाड, समदं. बारीक तेवढं ग्येलं."

"डॉक्टरला दाखवलं?" मी विचारलं.

"सोलापुरात दावलं. मशीन घाला म्हनला. सायेब, ह्या रस्त्यावर कानासाठी गाड्या थांबत्यात. कानात मशीन घातलेलं बघितलं की म्हनत्याल, म्हातारं बहिरं झालं, आन सरळ सोलापूर गाठत्याल. मला दुसरं काय येतंय? मेंढरं राखायचं वय बी ऱ्हायलं न्हाय." मग त्यांनी खाली बघतच म्हटलं, "कुणाला बोलू नका."

मी म्हणालो, नाही बोलणार. तोंडानं आवाज काढायला लावण्याची ती पद्धत विनोदाची नव्हती, हे मला त्या क्षणी समजलं.

सुनीता मात्र कामाला लागली होती. "अण्णा, शिटी कशी ते सांगू का? मला तोंडानं काढता येणार नाही. पण कुकर असतो ना, शिटी व्हायच्या आधी सूं करतो, तसं. आणि झाकणाचं रबर जुनं झालेलं असलं की शिटी होतच नाही, बाजूनं वाफ जाते. तसं. जोर दिला की वाढतं."

अण्णा उठून उभे राहिले. "बाजूनं जाती?"

"हो."

"मग नळी फाटली!"

शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवा आणली. टर्बोकडून निघणाऱ्या जाड नळीत हवा भरली आणि धुण्याच्या पावडरचा फेस वरून फासला. खालच्या बाजूला, जिथं हात जेमतेम जात होता, तिथं बुडबुड्यांचा झुपका उठला. अण्णांचे डोळे चमकले. चीर मी मोजली, बत्तीस मिलिमीटर. ट्रकची सिलिकॉनची नळी जुन्या नळीच्या मापानं कापून, दोन्हीकडे क्लिपा आवळून बसवली. नळी आणि क्लिपा आठशे पन्नास, मजुरी तीनशे. मजुरी घ्यायला ते तयार नव्हते. "म्या चुकलो. तुमाला घाटात थांबावं लागलं." मी टायरवर पैसे ठेवून निघालो.

त्या दिवसापासून आमचे रविवार बदलले. मी तेल मोजायचो, मग सुनीता विचारायची, "जळकोटला जायचं का?" तिथं ती लिंबाखाली खुर्चीवर चहा घेत बसायची. एखादी गाडी आली की अण्णा सहज तिच्याजवळ यायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, "वैनी, काय म्हनती?"

"तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं, अण्णा."

"कुठनं?"

"मागून."

"सायलेन्सरचा गास्केट." आणि ते कामाला लागायचे.

एका जीपचा आवाज तिनं खलबत्त्यात वेलची कुटल्यासारखा सांगितला. अण्णा दोन मिनिटं विचारात पडले. "वेलची साल काढून का सालीसकट?"

"सालीसकट."

"मग बेरिंग न्हाय. वाल्व्ह."

आणि तो वाल्व्हच निघाला. जी बाई डिसेंबरात गाडीकडे बघायला तयार नव्हती, तिला मे महिन्यापर्यंत इंटरकूलर कुठं असतो हे मला सांगता येत होतं. आता गाडी थांबवल्यावर एक मिनिट मोजायचं कामही तिच्याकडे होतं. माझ्यापेक्षा ती कडक. दारात पाहुणे उभे असले तरी साठ सेकंद पूर्ण झाल्याशिवाय किल्ली फिरवू देत नसे. मी मात्र मनात हिशेब करत होतो. आम्ही आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे सहा दिवस अण्णा काय करत असतील? एकदा विचारलं. म्हणाले, "बारीक आवाजाची गाडी आली तर सांगतो, रविवारी ये."

मग माझी वाशीला बदली झाली. जिल्हा तोच, पण टोक दुसरं. जळकोटचे रविवार संपले. सामान आधी पाठवलं आणि मेच्या शेवटच्या शनिवारी निघण्याआधी गाडी अण्णांकडे नेली. तेल, फिल्टर, प्लग बदलायचे होते. सामान मी आणलं होतं. बदलीचं ऐकून अण्णा एवढंच म्हणाले, "वाशीला चढ कमी हाय. गाडी खूश ऱ्हाईल." सुनीताकडे त्यांनी बघितलं नाही.

काम चालू असताना एक टँकर आला. ड्रायव्हर तोच दाढीवाला, पहिल्या दिवशीचा, आता गाडी दुसरी. बरोबर त्याचा जोडीदार. शेडमध्ये आणखी तीन ट्रकवाले बसलेले. ड्रायव्हर उतरता उतरताच म्हणाला, "अण्णा, कायतरी शिटी वाजतीय. जोर कमी झालाय."

अण्णा उभे राहिले. सुनीता खुर्ची सोडून टँकरकडे निघालीच होती. एवढं एक काम करून मग निघालो असतो. अण्णांनी हातानं तिला थांबवलं.

"बसा, वैनी." मग ड्रायव्हरकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे बघ. मला शिटी ऐकू येत न्हाय. बारीक आवाज येतच न्हाय मला, दोन वर्सं झाली. तुझ्या जोडीदाराला खाली उभा कर, त्यो कसा वाजतोय सांगंल. मग म्या बघतो. जमत आसंल तर थांब, न्हायतर सोलापूर हाय फुडं."

मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पांढऱ्या शर्टाची कॉलर ते उगाच नीट करत होते.

दाढीवाल्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मालूम हाय की अण्णा. सगळ्या लाइनला मालूम हाय. म्हणून तर वरडून सांगतो आमी."

"कवापासनं?"

"मागल्या दिवाळीपासनं. मागनं बारीक हार्न दिला तरी तुमी हलला न्हाईत."

"आन मग येताय कशाला?"

"तुमच्या हातासाठी येतो. कान काय, आमाला बी हायत." बाकीचे ट्रकवाले हसले. त्यातला एक म्हणाला, "अण्णा, हे आत्ता सांगताय व्हय? आमी समजत हुतो तुमालाच म्हाईत न्हाय."

अण्णा काही क्षण सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी सणसणीत शिवी हासडली, जी मी इथं लिहीत नाही, आणि सुनीता समोर आहे हे आठवून जीभ चावली. "मशीन घेतलं असतं की रं," ते म्हणाले. "दिवाळीपासनं रातकिडं बुडवलं तुमी माझं."

जोडीदार खाली उभा राहिला आणि टँकर चालू झाला. अण्णांनी आधी माझं काम पूर्ण केलं, तेलाची पट्टी मला दाखवली, मी नोंद केली. जुने प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. मजुरी त्यांनी आठशे पन्नास सांगितली. एरवीपेक्षा जास्त वाटली, पण मी मोजून दिली.

त्यांनी ती खिशात घातली, आतल्या खिशातून दुसरे पैसे काढले आणि सुनीतासमोर धरले. "नऊ गाड्या ऐकल्या तुमी. गाडीमागं शंभर."

"अहो अण्णा, हे काय! मी तर चहा प्यायला येत होते."

"चहा आमचा. मजुरी तुमची. घ्या, न्हायतर मला वाईट वाटंल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं ऐकलेल्या गाड्यांचीही मी वहीत नोंद ठेवली होती; ती उघडून मोजलं. मार्चपासून नऊच गाड्या होत्या. मी मान हलवली. तिनं पैसे घेतले आणि दोन्ही हात जोडले. अण्णांनीही जोडले, मनगटापर्यंत तेलकट. मग टँकरवाल्याचा जोडीदार ओरडला, "अण्णा, रिकाम्या बाटलीत फुंकल्यावानी वाजतंय!" आणि ते वळून झपाझप तिकडे गेले. आम्ही निघालो आणि आरशात दिसेनासे होईपर्यंत मी त्यांना पाहिलं. टँकरच्या पुढच्या चाकापाशी वाकलेला पांढरा शर्ट आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन हातवारे करणारा तो जोडीदार.

त्या दिवशी मी अण्णांना दिले आठशे पन्नास. अण्णांनी सुनीताला दिले नऊशे.